संघटना गेली, आडोसा राहिला: महाराष्ट्राचे पोलीस आणि उत्तरदायित्वाचा इतिहास

१/
१८ ऑगस्ट १९८२ रोजी मुंबईत लष्कर, केंद्रीय राखीव पोलीस दल आणि सीमा सुरक्षा दल यांना पाचारण करावे लागले. दंगल शमवणे हे ज्यांचे काम, ते पोलीस शिपाईच त्या दिवशी रस्त्यावर उतरले होते. महाराष्ट्र शासनाने त्यांच्या संघटनेची मान्यता काढून घेतली होती आणि नेत्यांना अटक केली होती. आजचा धागा त्या दिवसाविषयी आणि त्यानंतरच्या चार दशकांविषयी आहे.

२/
हा विषय आताच का? २०२० मध्ये अमेरिकेतील मिनियापोलिस शहरात जॉर्ज फ्लॉइड यांचा पोलिसाच्या गुडघ्याखाली मृत्यू झाला. तेव्हापासून एक विधान जगभर ऐकू येते: पोलिसांची संघटना हीच दोषी पोलिसाची ढाल असते. संघटना मोडा, म्हणजे पोलीस उत्तरदायी होतील. महाराष्ट्रात शिपायांची संघटना १९८२ मध्येच मोडली गेली. तेव्हा हे विधान तपासून पाहण्यासाठी आपल्याइतकी योग्य भूमी शोधून सापडणार नाही.

३/
आधी अमेरिकेची बाजू नीट समजून घेऊ, कारण ती निराधार नाही. तेथे १९६० च्या दशकापासून पोलीस संघटना बळकट झाल्या. शहर प्रशासनाशी त्या जो करार करतात त्यात पगार आणि रजा असतातच. शिवाय शिस्तभंगाची कारवाई कशी व्हावी हेही लिहिलेले असते. आरोप झालेल्या पोलिसाला किती दिवसांनी प्रश्न विचारायचे, जुन्या तक्रारींची नोंद किती काळ ठेवायची, बडतर्फीविरुद्ध लवादाकडे कसे जायचे, अशी ती कलमे असतात.

४/
मेरीलँड राज्याने १९७४ मध्ये पोलीस अधिकाऱ्यांच्या हक्कांचा स्वतंत्र कायदाच केला. इतर अनेक राज्यांनी त्याचे अनुकरण केले. २०२१ मध्ये मेरीलँडनेच तो रद्द केला. फ्लॉरिडात २००३ मधील एका न्यायालयीन निर्णयाने शेरीफच्या हाताखालील कर्मचाऱ्यांना सामूहिक वाटाघाटीचा अधिकार मिळाला. शिकागो विद्यापीठाच्या अभ्यासकांनी त्याचा परिणाम मोजला, तेव्हा हिंसक गैरवर्तनाच्या घटनांत सुमारे ४० टक्के वाढ आढळली. म्हणजे करारात शिस्तीचे कलम शिरले की ढाल तयार होते, या म्हणण्याला आधार आहे.

५/
आता थोडे मागे जाऊ. पोलिसांनी संघटना करावी की नाही हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. ३० ऑगस्ट १९१८ रोजी लंडनच्या पोलिसांनी संप केला. पहिले महायुद्ध चालू होते, महागाई वाढली होती आणि पगार तेवढेच होते. सरकार हादरले आणि बहुतेक मागण्या मान्य झाल्या. पुढच्याच वर्षी पुन्हा संप झाला. या वेळी लिव्हरपूलमध्ये पोलीस दलाचा मोठा भाग त्यात होता. संपकरी सरसकट बडतर्फ झाले.

६/
ब्रिटनने यातून मधला मार्ग काढला. १९१९ च्या पोलीस कायद्याने संप करणाऱ्या संघटनेचे सभासद होण्यास मनाई केली, परंतु त्याच कायद्याने ‘पोलीस फेडरेशन’ नावाचे अधिकृत व्यासपीठ निर्माण केले. संपाचा हक्क काढून घेतला, मात्र बोलण्याचा हक्क दिला. हा तपशील लक्षात ठेवा, शेवटी त्याकडे परत यायचे आहे.

७/
त्याच १९१९ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील बॉस्टनमध्ये एक हजाराहून अधिक पोलिसांनी संप केला. लूटमार झाली, गव्हर्नर कॅल्विन कूलिज यांनी राज्याचे सैनिक आणले आणि संपकऱ्यांपैकी कोणालाही परत घेतले नाही. या कठोरपणाने कूलिज देशभर प्रसिद्ध झाले आणि पुढे राष्ट्राध्यक्षपदापर्यंत पोहोचले. पोलिसांच्या संपाने पोलिसांचे नुकसान होते आणि तो मोडणाऱ्या राजकारण्याचा लाभ होतो, हा धडा तेव्हाच मिळाला होता.

८/
हिंदुस्थानात इंग्रज सरकारने या धड्याचा अर्धाच भाग घेतला. असहकार आंदोलनाच्या काळात शिपायांनी नोकऱ्या सोडाव्यात असे आवाहन होत होते. त्या पार्श्वभूमीवर १९२२ मध्ये पोलिसांत अप्रीती पसरवण्याविरुद्धचा कायदा झाला. ब्रिटिश कायद्यातील मनाई येथे आली. फेडरेशन मात्र आले नाही. लंडनच्या शिपायाला मिळालेले व्यासपीठ नागपूरच्या किंवा मुंबईच्या शिपायाला मिळाले नाही.

९/
स्वातंत्र्यानंतर राज्यघटनेने संघटना स्थापन करण्याचा मूलभूत हक्क सर्वांना दिला. परंतु सार्वजनिक सुव्यवस्था राखणाऱ्या दलांच्या बाबतीत हे हक्क मर्यादित करण्याचा अधिकार अनुच्छेद ३३ ने संसदेला दिला. त्याच आधारावर १९६६ मध्ये पोलीस दलांच्या हक्कांवर निर्बंध घालणारा कायदा झाला. परवानगीवाचून संघटनेचे सभासद होणाऱ्या पोलिसाला दोन वर्षांपर्यंत कारावास किंवा दोन हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी त्यात तरतूद आहे.

१०/
कायद्याने संघटनेवर पूर्ण बंदी घातली असे मात्र नाही. शासनाने मान्यता दिली तर ती चालते. दिल्लीतील अराजपत्रित पोलिसांच्या संघाला अशी मान्यता १९६६ मध्ये मिळाली होती. १९६७ च्या आंदोलनानंतर ती काढून घेतली गेली आणि १९८६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शासनाची बाजू ग्राह्य धरली. सूत्र ठरले ते असे: शिपायाची संघटना हा हक्क नाही, ती सरकारची मर्जी आहे. केरळसारख्या राज्यात ही मर्जी टिकली. महाराष्ट्रात टिकली नाही.

११/
१९७९ हे वर्ष महत्त्वाचे. त्या उन्हाळ्यात पंजाबपासून सुरू झालेली पोलिसांच्या असंतोषाची लाट अनेक राज्यांत पोहोचली. जूनमध्ये बोकारो येथे केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या जवानांविरुद्ध लष्कर वापरावे लागले. देशभरच्या शिपायांची तक्रार थोड्याफार फरकाने सारखीच होती: तुटपुंजा पगार, राहायला घर नाही, कामाला तास नाहीत आणि साहेबांच्या घरची कामे करावी लागतात.

१२/
योगायोग असा की त्याच वर्षी राष्ट्रीय पोलीस आयोगाचा पहिला अहवाल आला होता. धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखाली १९७७ मध्ये नेमलेल्या या आयोगाने एकूण आठ अहवाल दिले. पहिल्या अहवालात शिपायांचे पगार, घरे, तक्रार निवारण आणि ऑर्डरली पद्धत यांचा विचार आहे. आणि त्याच अहवालात पोलिसांविरुद्धच्या नागरिकांच्या तक्रारींची चौकशी कशी व्हावी याचाही विचार आहे.

१३/
या एकत्र मांडणीत फार मोठी समज आहे. ज्या शिपायाला त्याचे खाते माणसासारखे वागवत नाही, त्याने ठाण्यात आलेल्या गरिबाला माणसासारखे वागवावे ही अपेक्षा फोल ठरते. आणि केवळ शिपायाचे दुःख सांगून कोठडीतील मारहाणीकडे डोळेझाकही करता येत नाही. म्हणून आयोगाने दोन्ही प्रश्न एका अहवालात ठेवले. कोठडीतील मृत्यू, गंभीर इजा व बलात्कार यांची न्यायालयीन चौकशी अनिवार्य करावी, ही शिफारस १९७९ ची आहे.

१४/
कोठडीतील मृत्यू आणि बलात्कार यांसाठी दंडाधिकाऱ्यामार्फत अशी चौकशी कायद्याने सक्तीची झाली ती २००५ च्या दुरुस्तीने. शिफारस आणि कायदा यांच्यामध्ये पाव शतकाहून अधिक काळ गेला. आणि याच पाव शतकाच्या आरंभी मुंबईचा १९८२ चा ऑगस्ट येतो.

१५/
त्या वेळचे चित्र डोळ्यांसमोर आणा. १८ जानेवारी १९८२ पासून डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर होते. बाबासाहेब भोसले मुख्यमंत्री होते. गिरणगावात बंदोबस्ताला उभे राहणारे शिपाई बहुधा त्याच कोकणातून, त्याच देशावरून आलेले होते, जेथून संपकरी कामगार आले होते. एकाच गावचा एक भाऊ गिरणीत आणि दुसरा पोलिसात, हे मुंबईत अपूर्वाईचे नव्हते.

१६/
महाराष्ट्र पोलीस कर्मचारी संघटना शिपाई-हवालदारांच्या मागण्या मांडत होती. १५ ऑगस्टला, स्वातंत्र्यदिनी, शिपायांनी काळ्या फिती लावल्या. तीन दिवसांनी शासनाने मान्यता रद्द करून नेत्यांना राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली पकडले. बातमी पसरताच वरळी आणि नायगाव येथील पोलीस वसाहती पेटल्या. गिरणी कामगार त्यांच्या मदतीला आले. जाळपोळ झाली, दुकाने लुटली गेली, गोळीबार झाला, माणसे मेली.

१७/
येथे संघटनेची बाजू घेताना हातचे राखून बोलले पाहिजे. ज्याच्या हाती लाठी आणि बंदूक आहे त्याने कर्तव्य टाकून रस्त्यावर येणे आणि गिरणी कामगाराने रस्त्यावर येणे यांत फरक आहे. त्या दिवशी ज्याचे दुकान लुटले गेले त्याने कोणाला हाक मारायची होती? पोलिसांना संपाचा हक्क नसावा असे म्हणणाऱ्यांचा सर्वांत बळकट युक्तिवाद म्हणजे तो दिवसच होय.

१८/
परंतु शासनाने संप मोडला आणि त्यासोबत आवाजही मोडला. अनेक शिपाई बडतर्फ झाले. ब्रिटनने १९१९ मध्ये जे केले, म्हणजे संपाला मनाई आणि त्याच वेळी बोलायला अधिकृत जागा, ते येथे घडले नाही. तेव्हापासून महाराष्ट्रातील शिपायाला मान्यताप्राप्त संघटना नाही. आता खरा प्रश्न: त्यानंतर महाराष्ट्राचा पोलीस अधिक उत्तरदायी झाला का? उत्तरासाठी विदर्भात येऊ.

१९/
तुलनेसाठी आधीचे एक प्रकरण घेऊ. २६ मार्च १९७२ च्या रात्री तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात एका किशोरवयीन आदिवासी मुलीवर अत्याचार झाला. इतिहासात ते ‘मथुरा प्रकरण’ म्हणून ओळखले जाते. आरोपी दोन पोलीस होते. १९७४ मध्ये सत्र न्यायालयाने त्यांना सोडले. १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवला.

२०/
नागपूर खंडपीठाने मांडलेला भेद विलक्षण स्पष्ट होता: भीतीपोटी गप्प राहणे म्हणजे संमती देणे नव्हे. परंतु १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आरोपींना निर्दोष ठरवले. अंगावर जखमांच्या खुणा नसणे आणि आरडाओरडा न झाल्याचे दिसणे यांना महत्त्व दिले. १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार यांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. देशभर स्त्रियांची आंदोलने झाली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला.

२१/
कोठडीतील बलात्काराला किमान दहा वर्षांची शिक्षा आली. संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असे गृहीत धरायचे ठरले. आपल्या विषयासाठी यातला धडा असा की आरोपींना वाचवणारी ढाल कुठल्या संघटनेच्या करारात लिहिलेली नव्हती. ती कायद्याच्या भाषेत होती. म्हणून कायद्याची भाषा बदलली तेव्हाच काही हालले.

२२/
आता १९८२ नंतरचे प्रकरण, आणि तेही नागपूरच्या काळजातले. २३ नोव्हेंबर १९९४. हिवाळी अधिवेशन चालू होते. अनुसूचित जमातीच्या सवलतींसाठी गोवारी समाजाचा मोर्चा विधानभवनावर आला होता. झिरो माईल परिसरात हजारो माणसे अडवून धरलेली होती. मंत्री भेटायला येतील म्हणून ती वाट पाहत राहिली. सायंकाळी रेटारेटी झाली, लाठ्या चालल्या, चेंगराचेंगरी झाली. ११४ गोवारी बांधव मृत्युमुखी पडले. त्यांत स्त्रिया आणि लहान मुले मोठ्या संख्येने होती.

२३/
आदिवासी विकास मंत्री मधुकर पिचड यांनी राजीनामा दिला. न्यायमूर्ती एस. एस. दाणी यांचा चौकशी आयोग नेमला गेला. आयोगाच्या निष्कर्षाचे सार असे की घटना दुर्दैवी होती आणि तिच्यासाठी कोणालाही दोषी धरता येत नाही. ११४ मृत्यू आणि दोषी शून्य. सीताबर्डीवर गोवारींचे स्मारक उभे राहिले, उड्डाणपुलाला त्यांचे नाव मिळाले. उत्तरदायित्वाच्या रकान्यात मात्र काहीही लिहिले गेले नाही.

२४/
लक्षात घ्या, तेव्हा महाराष्ट्रात शिपायांची संघटना मोडून बारा वर्षे झाली होती. दोषींना वाचवायला सामूहिक करार नव्हता, लवाद नव्हता, संघटनेचा वकील नव्हता. तरीही बंदोबस्ताची आखणी कोणी केली, गर्दीला बाहेर पडायला वाट का ठेवली नाही, लाठीचा आदेश कोणाचा, या प्रश्नांतून एकही व्यक्ती जबाबदार म्हणून पुढे आली नाही.

२५/
दहा वर्षांनी, १३ ऑगस्ट २००४ रोजी, नागपूरच्या जिल्हा न्यायालयात कस्तुरबा नगरातील स्त्रियांच्या जमावाने अक्कू यादव या गुंडाला ठार केले. पोलिसांकडे वर्षानुवर्षे तक्रारी करूनही उपयोग झाला नाही, उलट तक्रारीची खबर त्यालाच मिळत असे, असा वस्तीचा आरोप होता. २०१४ मध्ये खुनाच्या खटल्यातील आरोपी सुटले. तो प्रकार न्याय म्हणावा असे मी सुचवत नाही. ठाण्याचे दार बंद असले की लोक कुठपर्यंत जातात, याची ती नोंद आहे.

२६/
मग संघटना नसताना हा आडोसा कशाचा बनला आहे? पहिली वीट कायद्याची. कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्यासाठी लोकसेवकावर खटला भरायचा तर शासनाची पूर्वमंजुरी लागते. जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हे कलम १९७ होते; १ जुलै २०२४ पासूनच्या नव्या संहितेत ते कलम २१८ आहे. शिवाय महाराष्ट्र पोलीस कायद्याचे कलम १६१ असे की पदाच्या नावाखाली केलेल्या कृत्याविरुद्धची कारवाई ठरावीक मुदतीतच सुरू व्हावी लागते. गरीब फिर्यादीची ती मुदत ठाण्याचे उंबरठे झिजवण्यातच संपते.

२७/
दुसरी वीट खात्याची. पोलिसाविरुद्धच्या तक्रारीचा तपास बहुतेक वेळा पोलीसच करतात. पंचनामा, डायरी, साक्षीदार सारे त्याच ठाण्यात. तिसरी वीट राजकारणाची. बदली हे बक्षीसही असते आणि शिक्षाही. आमदाराचा माणूस असलेला अधिकारी हलत नाही; नियम सांगणाऱ्याची नियंत्रण कक्षात रवानगी होते. चौथी वीट गप्प बसण्याची: आज मी तुझ्याविरुद्ध बोललो तर उद्या माझ्यासाठी कोण बोलेल?

२८/
ख्वाजा युनूस प्रकरण आठवा. मूळचा परभणीचा हा तरुण अभियंता २००३ मध्ये मुंबई पोलिसांच्या कोठडीतून नाहीसा झाला. चार पोलिसांवर खुनाचा आरोप ठेवला गेला आणि २००४ मध्ये ते निलंबित झाले. २०२० मध्ये, खटला निकाली निघालेला नसतानाच, खात्याच्या आढावा समितीने त्यांना सेवेत परत घेतले. अमेरिकेत बडतर्फ पोलिसाला लवाद परत आणतो म्हणून संघटनेला दोष दिला जातो. येथे परत आणण्यासाठी संघटनेची गरजही पडली नाही.

२९/
आता शिपायाच्या बाजूने पाहू. संघटना गेल्यावर त्याच्याकडे काय उरले? सेवेबाबत अन्याय झाला तर एकेकट्याने महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे ‘मॅट’मध्ये, जायचे. १९९१ मध्ये स्थापन झालेल्या या न्यायाधिकरणाचे एक खंडपीठ नागपुरात आहे. पण न्यायाधिकरण बडतर्फी किंवा बढती पाहते; सलग सोळा तासांचा बंदोबस्त किंवा साहेबांच्या बंगल्यावरची कामे यांवर एकट्याने दावा लावणारा शिपाई विरळा.

३०/
आठ तासांच्या पाळीचेच उदाहरण घ्या. शिपायांची ही मागणी दशकानुदशके जुनी. मुंबईत तिचा प्रयोग सुरू झाला तो २०१६ मध्ये, देवनार पोलीस ठाण्यात, आणि तोही एका पोलीस कर्मचाऱ्याने स्वतः आखून दिलेल्या वेळापत्रकावर. आयुक्तांनी ऐकून घेतले म्हणून तो झाला. म्हणजे ऐकणारा साहेब भेटला तर सुधारणा, न भेटला तर नाही. चाळीस वर्षांत शिपायाचा आवाज असा योगायोगावर सोपवला गेला आहे.

३१/
एक विसंगतीही नोंदवली पाहिजे. भारतीय पोलीस सेवेतील अधिकाऱ्यांची संघटना आहे, महाराष्ट्रातही आहे. ती संप करत नाही, परंतु शासनापुढे म्हणणे मांडते. म्हणजे गणवेशधारी माणसांनी एकत्र येऊन बोलल्याने शिस्त बिघडते हा नियम वरच्या पायरीला लागू नाही. तो खालच्या पायरीपुरताच आहे. आजही शिपायांचे प्रश्न मांडायला अनेकदा त्यांच्या बायकामुलांना आणि त्यांच्या नावाने चालणाऱ्या संस्थांना पुढे यावे लागते.

३२/
आणि याचा संबंध नागरिकाशी थेट आहे. ज्या शिपायाला बेकायदा आदेश नाकारल्यावर पाठीशी उभे राहणारे कोणी नाही, तो आदेश पाळतो. गोवारी मोर्चासारख्या प्रसंगी पुढच्या रांगेत लाठी घेऊन तोच असतो. आखणी करणारा मागे असतो. चौकशी झालीच तर तिची झळ खालच्याला आधी लागते, आणि वरचा निसटला की खालच्यालाही सोडून प्रकरण मिटवले जाते. उत्तरदायित्व अशा रीतीने दोन्ही टोकांना गळते.

३३/
२००६ मध्ये प्रकाश सिंह प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सुधारणांचे आदेश दिले. त्यांत राज्य व जिल्हा पातळीवर स्वतंत्र पोलीस तक्रार प्राधिकरण असावे, हा एक होता. महाराष्ट्राने २०१४ मध्ये पोलीस कायद्यात दुरुस्ती करून राज्य आणि विभाग पातळीवरच्या प्राधिकरणांची तरतूद केली. त्याच दुरुस्तीत बदल्या आणि सेवाविषयक बाबींसाठी पोलीस आस्थापना मंडळेही आहेत. मात्र त्या मंडळांत बसतात ते वरिष्ठ अधिकारी. शिपायाची खुर्ची तेथेही नाही.

३४/
आता सुरुवातीचे विधान पुन्हा तपासू. संघटना ही दोषी पोलिसाची ढाल असते का? अमेरिकेचा पुरावा सांगतो की असू शकते, विशेषतः शिस्तीचे नियम वाटाघाटीच्या मेजावर आले तर. संघटना मोडली की ढाल गळून पडते का? महाराष्ट्राचा इतिहास सांगतो की नाही. येथे ढाल खटल्याच्या मंजुरीत, मुदतीच्या कलमात, खात्याच्या चौकशीत आणि बदलीच्या राजकारणात आहे. १९८२ ने यातल्या एकाही विटेला हात लावला नाही.

३५/
म्हणून प्रश्नाचे दोन भाग करावे लागतात. पगार, घर, पाळी, रजा, मानाची वागणूक: यांवर शिपायाने एकत्र येऊन बोलावे, आणि त्याला तशी अधिकृत जागा असावी. कोठडीतील मारहाण, गोळीबार, लाठीमार: यांची चौकशी मात्र कोणत्याही वाटाघाटीच्या आणि खात्याच्याही बाहेर असावी. ब्रिटनच्या १९१९ च्या कायद्यात पहिल्या भागाचे बीज होते, आपल्या १९७९ च्या अहवालात दोन्ही भाग एकत्र होते. आपण पहिला भाग १९८२ मध्ये गमावला आणि दुसरा अजून पुरता मिळवलेला नाही.

३६/
नागपूरकरांनो, सीताबर्डीच्या त्या उड्डाणपुलावरून आपण रोज जातो. पुलाच्या नावात ‘शहीद’ हा शब्द आहे. शहीद म्हटले की कोणीतरी मारले असे गृहीत असते. आयोगाच्या दफ्तरी मात्र मारणारा कोणीच नाही. हे अंतर कशाने भरायचे, याचे उत्तर शोधणे हे आपल्या पिढीच्या वाट्याला आले आहे.

धागा इथे पूर्ण. १९८२ च्या वरळी-नायगावच्या किंवा १९९४ च्या नागपूरच्या आठवणी घरातील वडीलधाऱ्यांकडे असतील तर त्या विचारून ठेवा, लिहून ठेवा. अहवालांत न आलेला इतिहास पुष्कळदा तेथेच सापडतो.